दीड सेंटीमीटर फाटलेला लिफाफा

मी एक जुना, पिवळट लिफाफा आहे. मित्रांनो, माझ्यात काय होतं ते आधीच सांगून टाकतो. कोरा कागद होता. चार वर्षं घरोघरचे लोक ज्या पत्राची वाट पाहत होते, ते पत्र म्हणजे दोनदा दुमडलेला कोरा कागद. हे शेवटपर्यंत लपवलं असतं तर तुम्ही जास्त उत्सुकतेने वाचलं असतं, हे मला कळतं. पण लोकांना ताटकळत ठेवण्याच्या त्या धंद्याची मला आता शिसारी आली आहे.

माझा जन्म स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. जाड पांढरा कागद, चार घड्या आणि डिंकाची एक पट्टी, एवढंच माझं शरीर. टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी सामान जमवणाऱ्या माणसाने मला सहा भावंडांसह विकत घेतलं. त्याने मला कोऱ्या चहात बुडवलं आणि केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. अशा रीतीने मी वयाच्या तिसऱ्या दिवशी म्हातारा झालो.

मालिकेची गोष्ट साधी होती. घरातले वडील मरताना बायकोसाठी एक पत्र ठेवून जातात. दोन मुलांपैकी एक त्यांचा नाही. कोणता, ते पत्रात लिहिलेलं असतं. बायकोचं काम करणारी नटी अडुसष्ट वर्षांची होती. सगळे तिला मावशी म्हणत.

चाळिसाव्या भागात मावशींनी नखाने माझा कोपरा फाडला आणि दिवे गेले. पुढच्या भागात दार वाजलं. त्याच्या पुढच्या भागात थोरल्या सुनेला चक्कर आली. चित्रीकरणात कोणत्या हातात काय होतं आणि पेल्यात पाणी किती होतं, याची नोंद ठेवणारी एक मुलगी होती. तिला सगळे नोंदताई म्हणत. तिने पट्टी लावून माझी फाट मोजली, वहीत ‘दीड सेंटीमीटर’ असं लिहिलं आणि ती वाढू नये म्हणून आतून पारदर्शक चिकटपट्टी लावली. नंतर मालिकेने अठरा वर्षांची उडी मारली. मुलांचे कल्ले पांढरे झाले आणि आईचे केस मात्र काळेच राहिले. मेलेला दीर वेगळा चेहरा घेऊन परत आला आणि ते कोणाला खटकलंही नाही. माझी फाट दीड सेंटीमीटरच राहिली.

मला उघडायला एकशे सव्वीस वेळा हातात घेतलं गेलं. मी मोजलं आहे.

“माझ्या शेजारणीला वाटतं, मला कंपवात झालाय,” मावशी म्हणायच्या. “रोज संध्याकाळी माझा हात थरथरताना बघते बिचारी. परवा डॉक्टरचा पत्ता देऊन गेली.”

एकदा नोंदताईने लेखकाला विचारलं, “आत काय लिहिलंय हो?”

लेखक मानेला पट्टा बांधून दिवसाला पाच प्रसंग लिहीत असे. तो म्हणाला, “ते अजून ठरलं नाहीये.”

“मग ठरणार कधी?”

“लोक बघायचे थांबले की.”

मी त्याच टेबलावर पडलेलो होतो. मित्रांनो, कागदाला ओकारी येत नाही, हे त्या टेबलाचं नशीब.

चौथ्या वर्षी मावशींचा आवाज घोगरा झाला. स्वरयंत्रात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्या जगणार होत्या, पण या आवाजात पुन्हा बोलू शकणार नव्हत्या. त्यांनी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. “माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी हे पत्र मला मोठ्याने वाचू दे. आवाज आहे तोवर. दुसरं काही मागत नाही.”

“शब्द देतो, मावशी,” दिग्दर्शक म्हणाला.

मावशींच्या शेवटच्या दिवसाचं पान आलं. आई लिफाफा फोडते, छातीत कळ येते, ती कोसळते, पत्र कपाटाखाली सरकतं.

मावशींनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. “मला मारा रे, हरकत नाही. पण वाचून झाल्यावर मारा.”

“वाहिनीने ठरवलंय. माझ्या हातात काही नाही.”

“तुझ्या हातात कधी काही नसतंच. लिफाफा माझ्या हातात असतो.”

मग त्या नोंदताईकडे आल्या. त्यांनी घरी बसून एक पत्र लिहून आणलं होतं. “हे आत घाल आणि तो कोरा काढून टाक.”

“मावशी, माझी नोकरी जाईल.”

“मग तू नुसती पाठ फिरव. मी घालते.”

“तुम्ही घालाल आणि फाट वाढवून ठेवाल,” नोंदताई म्हणाली. तिने वाफेवर माझा डिंक सोडवला, कागद बदलला आणि मला पुन्हा नीट चिकटवलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात शब्द होते.

तिन्ही कॅमेरे सुरू झाले. मावशींनी मला फोडलं आणि त्या लगेच कोसळल्या नाहीत. त्यांनी वाचलं:

“तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा आपलं दुसरं बाळ गेलं. त्याच वॉर्डात एक बाई बाळंत होऊन वारली होती. तिचं बाळ सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मी ते तुझ्या कुशीत ठेवलं. जागी झाल्यावर तू हसलीस. त्या दिवशी सांगायचं धैर्य झालं नाही. पुढे न सांगण्याची सवय झाली. तो मुलगा म्हणजे आपला धाकटा. त्याच्या आईचं नाव मागे लिहिलं आहे. त्याला सांग. तो रागावला तर रागावू दे. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, पोरावर नको. मी भित्रा होतो, चोर नव्हतो.”

बारा वाक्यं. बावन्न सेकंद. मग मावशी पानात लिहिल्याप्रमाणे कोसळल्या, आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला. दाराशी उभा असलेला लेखक हळूच म्हणाला, “एवढं सोपं होतं?”

दोन आठवड्यांनी तो भाग लागला. नोंदताईने सामानाच्या खोलीत, माझ्यासमोर बसून, फोनवर पाहिला. मावशींचे ओठ हलत होते, पण त्यांचा आवाज काढून टाकला होता. त्याजागी नगारे आणि विजांचा कडकडाट होता. तेच बावन्न सेकंद समोरून, डावीकडून आणि मग अगदी जवळून, असे तीनदा दाखवले. मग मावशी कोसळल्या आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘काय होतं पत्रात?’ तेव्हा खऱ्या मावशी इस्पितळात गळ्यात नळी घालून पडल्या होत्या. माणसाचा शेवटचा आवाज पुसून त्यावर नगारे वाजवायचे, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. माझ्या चिकटपट्टीलासुद्धा त्याहून जास्त लाज होती.

पुढच्या आठवड्यात मावशींच्या नावाने एक पत्र आलं. ते लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या एका शिंपिणीचं होतं. तिने लिहिलं होतं, ‘तुम्ही बोललात ते मी ओठांवरून वाचलं. तीनदा दाखवलं म्हणून सात वाक्यं कळली. धाकटा तुमचा नाही, ते समजलं. पण बाळ तुमच्या नवऱ्याकडे कसं आलं, ते सांगताना तुमची मान खाली होती. त्यांनी ते चोरलं का? मला दोन दिवस झोप नाही.’

नोंदताई ते घेऊन इस्पितळात गेली. मावशींनी पाटीवर लिहिलं, ‘मूळ पत्रच पाठव. तिला ताटकळत ठेवू नकोस.’

नोंदताईने माझी फाटलेली कड कागदाच्या पट्टीने जोडली, माझ्यावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं. शिंपिणीने मला कात्रीने एका बाजूने सरळ कापलं. बाराही वाक्यं वाचली. मग पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पुन्हा वाचली आणि बहिणीला हाताच्या खुणांनी सांगितलं, ‘चोरलं नव्हतं.’

आता मी तिच्या शिवणयंत्राच्या खणात राहतो. तिकडे मालिकेत थोरली सून माझ्या एका भावंडाला हातात धरून थरथरते आहे, आणि त्याच्या पोटात कोरा कागद आहे.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी गोष्टी सांगेल. तुमची गोष्ट ऐकणारा माणूस दिवसभराचं काम उरकून तुमच्यासमोर येऊन बसतो. म्हणून आधी पत्र लिहा आणि मगच लिफाफ्याला डिंक लावा.