दोन दिवस उपाशी

डबा उघडण्याआधीच सिस्टरनं झाकणावर हात ठेवला.

"दोन दिवस यांना खायला काही द्यायचं नाही. सलाईन चालू आहे, पाणी घोट घोट. बाकी काही नाही."

बायकोनं डबा पिशवीत परत ठेवला आणि कॉटवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत त्याचं अकरा किलो वजन उतरलं होतं. तो बस चालवायचा. दिवसातून दहा-दहा वेळा संडासाला पळावं लागल्यावर डेपोनं त्याला घरी बसवलं. जंतू सापडले नव्हते, औषधांनी उतार पडला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तिला आणि तिच्या नणंदेला व्हरांड्यात बोलावलं.

"जुलाब सगळे एका जातीचे नसतात. पोटात न शोषलं जाणारं काही गेलं तर ते आतड्यात पाणी ओढून घेतं. खाणं थांबलं की जुलाबही थांबतात. पण आतडंच बिघडलं असेल तर ते आपणहून पाणी सोडत राहतं, माणूस उपाशी असला तरी. मग गाठबीठ शोधावी लागते."

"म्हणजे थांबले तर चांगलंच," नणंद म्हणाली.

"हो. मग त्यांच्या खाण्यातूनच काहीतरी जातंय, एवढं कळेल."

नणंदेनं तिच्याकडे पाहायचं टाळलं. घरात स्वयंपाक ती एकटीच करायची.

घरी जाऊन तिनं पिठाचा डबा हुंगला, तेल बोटावर घेऊन चाखलं. भांडी पुन्हा घासली, मग नखं कापली. संध्याकाळी देवापुढे उभी राहिली, पण काय मागावं तेच सुचेना. जुलाब थांबू देत म्हणावं, तर दोष तिच्या हाताला. आणि नाही थांबले तर? तिनं नुसतेच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर हसत आली. "कालपासून एकदाही नाही."

नणंदेला रडू फुटलं. डोळे पुसून ती म्हणाली,

"उद्यापासून डबा मी आणते. तुझी फार धावपळ होते गं."

"चालेल, ताई," ती म्हणाली. हात पदराखाली घट्ट धरून ती तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. काय खाता, काय पिता, एकेक विचारत गेल्या.

"पान, तंबाखू?"

"छे. सिगारेट होती, तीही सोडली," नवरा म्हणाला. "दोन महिने होतील."

"मग तलफ आली की काय करता?"

"गोळ्या चघळतो. बिनसाखरेच्या. साखर वाढायला नको म्हणून."

"दिवसाला किती?"

तो ओशाळला. "तीस. कधी चाळीस."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "साखरेऐवजी त्यात जे गोड घालतात ना, ते पोटात शोषलं जात नाही. एवढ्या खाल्ल्या तर पाण्यासारखेच जुलाब होणार. आणखी काही नाही तुम्हाला. गोळ्या बंद करा."

"मेल्या, जीव टांगणीला लावलास आमचा!" नणंद हसता हसता त्याच्या पाठीत धपाटा घालत म्हणाली. मग वळून तिनं भावजयीचा दंड दाबला. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. दुपारी तिनं गरम भात वाढला, वर आमटी घातली. तो ताटाकडे पाहत बसला.

"तूही बस ना," तो हळूच म्हणाला. "तू घे आधी."

ती बसली. गेले दोन महिने तो रोज असंच म्हणत होता. आजारपणानं माणूस मऊ झालाय, असं वाटून तिला आतून बरंही वाटायचं.

तिनं घास घेतला. तो ताटाला हात न लावता तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिनं घास सावकाश चावला, गिळला.

मग त्यानं ताट पुढे ओढलं.