खविसाची पाठ

“सांग तुझ्या सासऱ्याला, खविस आलाय म्हणून.”

रूपाली हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. खळ्यात भात वाळत पडलं होतं आणि त्याच्या पलीकडे एक सत्तरीचा म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. यात खविसासारखं काय आहे, ते तिला कळेना. कळणार तरी कसं? ती या घरात सून म्हणून आली तेव्हा ‘जय सावित्री फ्रीस्टाईल कुस्ती मंडळ’ बंद पडून वीस वर्षं होत आली होती.

“बिरवाडीचा चांगू गो मी. तुझ्या सासऱ्याबरोबर कुस्त्या खेळायचो.”

“अगो बाय, ते तुमीच होय! या काका, बसा. पन आबांना कुनाची वळख राहत नाय हां आता. मलाच कधी आये म्हनतात, कधी मास्तरीन.”

चांगू पडवीच्या पायरीवर टेकला. बिरवाडीहून महाड, महाडहून पोलादपूर, अशा दोन एसट्या बदलून आणि वर वाडीपर्यंत चढण चढून तो आला होता, ते काही चहाला नव्हे. त्याला रूपालीच्या सासऱ्याच्या, भागोजीच्या तोंडून एक शब्द हवा होता. फक्त एक.

मंडळाचे ते दिवस काय सांगावेत! जत्रा असो की उरूस, दासगावापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत तंबू फिरायचा. मधे फळ्यांचा चौक, चारी बाजूंना दोर, आणि कर्ण्यावरून मालकांचा आवाज, “पोलादी भागोजीऽऽ विरुद्ध महाडचा खविसऽऽ!” चांगूनं तोंडाला काजळी फासून यायचं, भागोजीच्या डोळ्यांत माती टाकायची, लोकांच्या आईबहिणीवरून शिव्या खायच्या. आणि शेवटी भागोजीनं त्याला डोक्यावर उचलून दाणकन आपटायचं. अठरा वर्षं चांगू हरला. हरणं हीच त्याची नोकरी होती हो! कितव्या मिनिटाला कसं पडायचं, हे मालक दुपारच्या जेवणावरच ठरवून द्यायचे. पडताना तळहात फळीवर असा हाणायचा की आवाज शेवटच्या रांगेला जावा आणि अंगाला खरचटूही नये. आपटणाऱ्यानं आपला पंजा हळूच पडणाऱ्याच्या मानेखाली सारायचा. झालं. पण हे बाहेर फुटलं तर तिकीट कोण काढणार? म्हणून पहिल्याच दिवशी मालकांनी दोघांना हातावर हात ठेवून गावदेवीची शपथ घ्यायला लावली होती. घरच्या बाईलासुद्धा सांगायचं नाही.

चांगूनं ती पाळली. नको तितकी पाळली. दौरा संपवून घरी आला की बायको, आवडी, लसूण घालून तेल कडवायची, त्याला पालथं झोपवून पाठ चोळायची. चोळता चोळता रडायची. “त्या भागोजीचे हात झडोत मेल्याचे,” म्हणायची. आणि हा गडी पाठीला काडीचंही झालेलं नसताना “आई गो, आई गो” करत पडून राहायचा. आधी शपथेपायी गप्प राहिला. पुढं पुढं ते हात पाठीवरून हलूच नयेत असं वाटायला लागलं, म्हणून गप्प राहिला. मंडळ बंद पडलं तरी थंडी आली की आवडी तेलाची पळी घेऊन यायचीच. “जुना मार हाय, वर येतो,” म्हणायची. असं ती मरेपर्यंत चाललं. उद्या तिचं वर्षश्राद्ध. सकाळी नालासोपाऱ्याहून मुलगा येणार, दीपेश. त्याआधी तिच्या फोटोपुढं बसून एकदा खरं सांगून टाकायचं, एवढंच चांगूच्या जिवाला लागलं होतं. मालक कधीच वारले होते. शपथ सुटली म्हणायला आता एकटा भागोजी उरला होता.

भागोजी पडवीत खुर्चीवर बसला होता. एकेकाळी दारात उभा राहिला तर आत उजेड यायचा नाही असा माणूस, आता सदरा अंगावर लोंबत होता.

“भागोजी, वळाखलास काय रे?”

भागोजी बराच वेळ बघत राहिला. मग डोळे चमकले. “खविस!”

चांगूचा जीव भांड्यात पडला. रूपाली चहा टाकायला आत गेल्याचं बघून तो कानाशी वाकला. “आवडी गेली रे. उद्या वरीस होतंय. तिला खरा काय ता सांगायचा हाय. शपथ सुटली म्हन. एकदाच म्हन.”

“कसली शपथ?”

“पडायची रे! मालक ठरवायचे नि मी पडायचो. तू नि मी...”

“तू पडायचास?” भागोजीचा चेहरा लाल झाला. “अरे, मी आपटायचो तुला! पेकाट मोडायचो तुझा! इचार कुनालाय पोलादपुरात!”

चांगूला वाटलं, गडी अजून शपथ पाळतोय. “आता कोन नाय रे हितं. माझ्यापाशी तरी कबूल कर,” तो काकुळतीला आला. पण भागोजीच्या डोळ्यांत सोंग नव्हतं. त्याला खरंच तसं आठवत होतं. अरे देवा! जगात हे ठाऊक असलेला दुसरा एकच माणूस उरला होता, आणि तोही गेला होता. चांगूला संताप आला, रडूही आलं. मी पडलो म्हणून तू पोलादी झालास रे, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

कारण भागोजी उठला होता. खुर्चीचा हात धरून, पाय ओढत, पायरी उतरून खळ्यात गेला. रूपाली चहाचे कप घेऊन दारातच थबकली. “आबा! अवो, महिना झाला, धरल्याबिगर उठले नायत!”

“ये, खविसा, ये!”

चांगू खाली उतरताच त्यानं त्याची कंबर धरली. हातांत कोंबडी उचलायचं बळ नव्हतं. चांगूनं नुसतं बोट लावलं असतं तरी आडवा झाला असता. अठरा वर्षांत एकदा तरी, असं चांगूच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. पण भागोजी त्याच्या खांद्याला टेकून धापा टाकत वाट बघत होता. चांगूनं टोपी काढून पिशवीवर ठेवली, दम घेतला आणि पडला.

तळहात जमिनीवर पोचायला उशीर झाला. पाठ दाणकन लागली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण मान लागली नाही. मानेखाली भागोजीचा पंजा होता, त्याच जागी, तसाच आडवा. त्याच्याबरोबर ओढला जाऊन भागोजीही गुडघ्यावर आला होता. चांगू क्षणभर तसाच पडून राहिला. तो हात त्याला काढून द्यावासा वाटेना.

“आपटला!” भागोजी सुनेकडं बघून ओरडला.

“काका, लागला काय वो?” रूपाली घाबरून धावली.

“छ्या गो! आमचा रोजचाच ता,” चांगू म्हणाला. एका हातानं कंबर धरून उठत त्यानं कप घेतला.

बिरवाडीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. एसटीतून उतरताना कंडक्टरनं हात दिला, तरी कंबर सरळ होईना. पलीकडच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कंपनीतल्या पोरांचा टीव्ही चालू होता. चांगूनं लसूण ठेचून पळीत तेल कडवलं, सदरा काढला आणि फोटोपुढं पाट घेऊन बसला. हात मागं नेला. तो खांद्याच्या जरा खाली गेला आणि अडला. दुखत होतं त्या जागेला पोचेना. कोपरावरून तेलाचा ओघळ आला.

“आवडे,” तो फोटोकडे न बघता म्हणाला, “आज खरंच दुखतंय गो.”

मग हात पोचत होता तिथवर चोळत बसला.