न आलेल्या गाडीची पाटी

मला पाडलं नाही, मित्रांनो. मी अजून उभी आहे आणि आंटी आयोर्कोरची चूल अजून माझ्या पायाशी धुमसते आहे. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते बोललेच नाही असं समजते. आमच्याकडे मोठी माणसं भर सभेत बोललेली वाक्यं अशीच परत घेतात आणि कोणाला काही वाटत नाही. तेव्हा एका पाटीला एवढी सवलत मिळायला हरकत नसावी.

तर, मी एक जुनी पाटी आहे. माझ्यावर मोठ्या अक्षरांत 'अबेदुआसे' असं लिहिलं आहे आणि त्याखाली 'रेल्वे स्टेशन'. माझा जन्म अक्रा शहरातल्या एका लोखंडी कामाच्या शेडमध्ये झाला. मला जोडणाऱ्या वेल्डरनं माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "गाड्यांच्या वाऱ्यानं ही पाटी हलायची नाही." तो खरं बोलला. गाड्यांच्या वाऱ्यानं मी आजवर एकदाही हललेली नाही.

मला ट्रकमधून इथं आणलं. रेल्वेची पाटी ट्रकमधून का आणतात, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता, पण मी नवी होते, गप्प बसले. अक्राहून निघणारी लोकलची लाईन इथपर्यंत वाढवायची, मग इथली माणसं सकाळी शहरात कामाला जातील आणि दिवेलागणीला घरी येतील, असा सरकारचा बेत होता. पाटी आधी, रूळ मागून.

पहिली कुदळ मारायचा समारंभ मी डोळे भरून पाहिला. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, ब्रास बँड. गावाच्या प्रमुखांच्या वतीनं बोलणाऱ्या ओक्यामेनं जमिनीवर दारूची धार सोडून पूर्वजांना कळवलं की गाडी येते आहे. मंत्रीसाहेबांनी कुदळ मारली. टाळ्या झाल्या. मग कुदळ गाडीत ठेवली आणि गाडी निघून गेली. म्हणजे त्यांची. आमची यायची होती.

त्या गर्दीत केंके विकायला एक तरुण बाई आली होती. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचे, सालपटात गुंडाळून उकडलेले गोळे. सोबत तळलेला मासा आणि झणझणीत मिरचीचा ठेचा. बँड गेला, खुर्च्या गेल्या, ही बाई राहिली. "एवढी मोठी पाटी कोण उगाच लावेल?" असं म्हणून तिनं माझ्या सावलीत तीन दगडांची चूल मांडली. हीच आंटी आयोर्कोर.

माझी सावली बघून ट्रोट्रोही थांबू लागले. ट्रोट्रो म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या छोट्या बसगाड्या. त्यांच्या दारात लोंबकळणारी पोरं लांबूनच 'स्टेशन, स्टेशन' म्हणून ओरडायची. थांबा झाला म्हणून बाजार झाला. 'प्लॅटफॉर्म वन हेअर सलून' आलं. 'एक्स्प्रेस फॅशन' नावाचा शिंपी आला. त्यानं आजवर एकही कपडा वेळेवर दिलेला नाही. शवपेट्या बनवणारे म्हातारे सुतार आताआ क्वेई आले आणि त्यांनी दुकानाला 'शेवटचा थांबा' असं नाव दिलं. माझ्या पाठीवर लोक मयताची पोस्टरं चिकटवू लागले. पुढून मी येणाऱ्या गाडीची पाटी आणि मागून गेलेल्या माणसांची, अशी दुहेरी नोकरी मी इमानानं केली.

कुदळ पुन्हा दोनदा मारली गेली. दर वेळी सरकार नवं, मांडव नवा, लाईन मात्र आणखी लांब. पहिल्यांदा ती इथपर्यंत येणार होती, मग डोंगरापर्यंत, शेवटी तर शेजारच्या देशापर्यंत. आणि दर वेळी आंटी आयोर्कोर पुढच्याच रविवारी पांढरं नेसून चर्चमध्ये आभार मानायला जायची. आमच्याकडे चांगलं झालं की पांढरं नेसून आभार मानतात. तिसऱ्या वेळी पाद्र्यांनी विचारलं, "आयोर्कोर, आली का गाडी?"

"येईल की. आभार आधी मानून ठेवले म्हणजे देवाला मागे फिरता येत नाही."

मधल्या काळात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. रंग उडाला, पाय गंजले, बकऱ्या माझ्यावर पाठ खाजवून गेल्या. एक लाल डोक्याचा सरडा रोज सकाळी माझ्या माथ्यावर जोर काढतो. खात्यातर्फे माझी पाहणी करणारा तो एकटाच. पण तक्रार नाही. चुलीचा धूर, माशाचा वास, माणसांची भांडणं, एवढी श्रीमंती किती पाट्यांच्या नशिबी असते?

आणि मग एके दिवशी रेल्वे खात्याची माणसं लाल रंगाचा डबा घेऊन आली. त्यांनी केंकेच्या टपरीवर फुली मारून 'हटवा' असं लिहिलं. सलूनवर लिहिलं, शिंप्याच्या दारावर लिहिलं. शेवटी ती माझ्यासमोर उभी राहिली, त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्यावरही लिहिलं. मी स्टेशनच्या कामात अडथळा ठरत होते.

"घ्या आंटी, या वेळी खरंच येतेय वाटतं," ट्रोट्रो चालवणारा एफो सेलोर्म म्हणाला. एफो म्हणजे दादा. सगळे त्याला तसंच म्हणतात.

"मग तू दात का काढतोयस?"

"मी या रस्त्याला लागलो तेव्हा मला मिसरूड नव्हतं. तेव्हा लोक म्हणाले, दुसरा धंदा बघ बाबा, लोकल येतेय. आता दाढी पिकली. ती आली ना, तर पहिलं तिकीट मी काढीन आणि अक्रापर्यंत एका पायावर उभा राहून जाईन."

"गाडीचं मला सांगू नकोस. बुलडोझर येतो की नाही ते सांग. त्याला रूळ लागत नाहीत."

एफोचं हसू मावळलं. पलीकडच्या गावात मागच्या घोषणेच्या वेळी असाच बाजार पाडला होता. तिथं आता गुडघाभर गवत आहे. गाडीही नाही आणि बाजारही नाही. आंटीनं याच चुलीवर मुलगी वाढवली होती, तिला नर्स केलं होतं. इथून उठली तर ट्रोट्रो थांबायचे नाहीत आणि ट्रोट्रो थांबले नाहीत तर केंके कोण खाणार?

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही आंटी," एफो हळूच म्हणाला, "ती गाडी कधीच मेली."

आंटी मक्याचे गोळे गुंडाळत राहिली. एक गोळा बाजूला ठेवून म्हणाली, "मग तिचं केलं का कोणी काही?"

"म्हणजे?"

"अंत्यविधी. मेलेल्याला असं उघड्यावर टाकून ठेवतात का?"

एफो मांडीवर थाप मारून हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबला.

"मी तिच्यासाठी तीनदा पांढरं नेसलेय," ती म्हणाली. "आता काळं नेसायलाही कोणी नको का?"

मित्रांनो, आमच्या गा जमातीच्या लोकांत माणूस जो धंदा करायचा, त्याच्या आकाराची शवपेटी बनवतात. कोळ्याला मासा, ड्रायव्हरला ट्रोट्रो. आताआ क्वेईंनी काही न विचारता लाकूड कापायला घेतलं. त्यांनी लोकलचा एक अख्खा डबा घडवला. निळा, पिवळ्या पट्ट्याचा, खिडक्यांसकट. खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचनाही आत रंगवली. माझ्या पाठीवर पोस्टर लागलं: 'अबेदुआसे लोकल. अकाली निधन. मागे सारा बाजार असा परिवार.'

शनिवारी मांडव पडला. काळे-लाल कपडे नेसून सगळा बाजार खुर्च्यांवर बसला. लोकल माझ्यासमोर टेबलावर ठेवली होती. आणि नेमका तेव्हाच बुलडोझर आला.

त्याच्यापुढं खात्याचे मुकादम चालत होते, मिस्टर बेडियाको. जाडजूड माणूस, हातात शिट्टी. त्यांनी मांडव पाहिला, रेल्वेच्या डब्याची पेटी पाहिली आणि शिट्टी खिशात घातली. पोस्टर माझ्या पाठीवर होतं आणि ते माझ्या पुढ्यात उभे होते. डब्याची पेटी म्हणजे आत रेल्वेचा माणूस. याहून वेगळं कोणाच्या मनात येणार? त्यांनी हेल्मेट काखेत घेतलं, आपली माणसं रांगेत उभी केली आणि रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवला.

"आमच्यातला माणूस गेला आणि आम्हाला पत्ताही नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "खात्याच्या वतीनं दोन शब्द बोलू का?"

कोणी नाही म्हणालं नाही. अंत्यविधीत बोलू देणार नाही असं कोण म्हणतं?

मिस्टर बेडियाको उभे राहिले. "माझी प्रत्यक्ष ओळख नव्हती," ते म्हणाले, "पण अशी माणसं कधी वेळ चुकवत नाहीत." मागच्या रांगेत शिंप्याला ठसका लागला. "त्यांनी कितीजणांना घरी पोचवलं असेल, याचा हिशेब देवाकडेच." बायका डोळे पुसू लागल्या. एफोनं तोंडावर रुमाल धरला; रडत होता की काय, मला दिसलं नाही.

पुरायची जागा मंत्र्यांच्या कुदळींनी आधीच दाखवून ठेवली होती, अगदी माझ्या पायाशी. दोन तरुण फावडी घेऊन पुढं झाले, तर मिस्टर बेडियाको रागावले. "आमचा माणूस फावड्यानं पुरणार? मग मशीन कशाला आणलंय?" बुलडोझरनं खड्डा खणला. खात्यानं अबेदुआसेत केलेलं हे पहिलं खोदकाम. फार सुबक झालं.

मग आंटी आयोर्कोर बोलायला उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. पेटीवर हात ठेवून ती म्हणाली, "गाडीबाई, तू आली नाहीस. पण तुझी वाट बघायला म्हणून मी इथं बसले आणि बसल्या बसल्या माझं लेकरू मोठं झालं. तुझ्या नावानं ट्रोट्रो थांबले, बाजार भरला, दोन लग्नं जमली. आली असतीस तर लोक चढले असते आणि गेले असते. तू आली नाहीस म्हणून सगळे इथंच राहिले. तुझे उपकार आहेत. आता मात्र झोप, आणि तुझ्या नावानं आम्हाला कोणी उठवू नये एवढं बघ."

मिस्टर बेडियाको पेटीजवळ आले. मग वाकून त्यांनी डब्याच्या खिडकीतून आत पाहिलं.

"रिकामी आहे," ते म्हणाले.

"पहिल्यापासूनच," एफो म्हणाला.

"आणि माझं भाषण?"

"फार छान झालं, बॉस. तिला आवडलं असतं."

मला वाटलं, आता शिट्टी बाहेर निघणार. पण ते खुर्चीत बसले आणि कपाळ पुसू लागले. "मी पण हिच्या भरवशावर घर बांधलंय," ते म्हणाले. "पुढच्या स्टेशनापाशी."

"पुढं कुठलं स्टेशन?" आंटीनं विचारलं.

"तेच ना. तिथं तर अजून पाटीही नाही."

आंटीनं त्यांच्यापुढं केंकेचं ताट ठेवलं, वर मासा जरा मोठा. लोकल खड्ड्यात उतरली, माती पडली. बुलडोझरचा चालक जवळ आला. "साहेब, आता काय पाडू?"

"कबरीवरून मशीन नेशील?"

"मी नाही नेणार."

"मग मीही नाही सांगणार. वर कळवू, काम प्रगतिपथावर आहे. तसंही दर वेळी तेच कळवतो."

बुलडोझर उलटा फिरला आणि ट्रोट्रोच्या मागोमाग रांगेत निघून गेला. दुसऱ्या दिवशी रविवारी आंटी आयोर्कोर पांढरं नेसून चर्चमध्ये गेली. या वेळी पाद्र्यांनी काही विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची लाल फुली अजून तशीच आहे. नवी घोषणाही झाली आहे, लाईन या वेळी समुद्राला वळसा घालून येणार म्हणतात. मी कोणाला दोष देत नाही. मला उभं केलं, नाव दिलं, आणि जे आलं नाही त्याच्या जागी एवढी माणसं दिली. तुमच्याही गावात एखादी अशी पाटी असेल तर तिला दगड मारू नका. जमलं तर तिच्या सावलीत घटकाभर बसा.

बाकी संबंधित खात्यास नम्र विनंती, की पुढील वेळी कुदळ मारण्यासाठी अबेदुआसे येथे येताना प्रमुख पाहुण्यांनी कृपया रेल्वेनेच यावे.