डावीकडे जाणारी नाव

मी हातात धरून खेळण्याचा एक गेमिंग संच आहे. माझ्या जातीचे संच आपण मुलांच्या हाती पाहिले असतील आणि तोंड वाकडे केले असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला स्वतःलाच माझ्या कुळाची शिसारी आली आहे, आणि ती का आली, एवढेच सांगण्यासाठी मी हे बोलत आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. पडदा सुरेख, अंग गुळगुळीत. परंतु अंगठ्याने फिरवायच्या माझ्या दोन जॉयस्टिकच्या पोटात, अंगठा कोणीकडे वळला हे ओळखणारी काळ्या लेपाची एक पातळ पट्टी बसवली होती. ती घासून झिजते, हे माझ्या निर्मात्यांना ठाऊक होते. माझ्या आधीच्या संचातही ती झिजली होती. तरीही त्यांनी तीच बसवली. वर स्क्रूची डोकी अशी घडवली, की साध्या पेचकसाने ती फिरू नयेत.

मला विकत घेतले रुपेशने. वर्ध्याजवळ नालवाडीला घर आणि हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी. वर्षभर तो माझ्याशी खेळला, मग मी कपाटात पडलो. तेथून मला बाहेर काढले ते त्याच्या आजीच्या दुखण्याने.

अनुसयाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. शेतमजुरी करीत पन्नाशी गाठल्यावर ही बाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली होती आणि स्वतःचे नाव लिहावयास शिकली होती. तेव्हापासून तिने कोणत्याही कागदावर अंगठा उमटवला नव्हता. रेशनच्या यंत्रावर बोट ठेवावे लागे, तेही त्या कपाळाला आठ्या घालून ठेवीत. नात मेघा हिचे लग्न ठरले, तेव्हा नोंदणीच्या अर्जावर साक्षीदार म्हणून आपण सही करणार, असे त्यांनी घरात जाहीर केले होते. झटका आला तेव्हा लग्नाला तीन महिने उरले होते. डाव्या हाताने सही कर, असे कोणीतरी सुचवून पाहिले.

“उलट्या हातानं आशीर्वाद देतेत काय रे?” एवढेच त्या म्हणाल्या.

व्यायाम शिकवावयास वर्षाली नावाची मुलगी येत असे. अंगठ्याला रोज हलते ठेवा, असे तिने सांगितले आणि रुपेशला माझी आठवण झाली. माझ्यात एक खेळ आहे: अरुंद नदीतून एक नाव सरळ पलीकडे न्यायची. नाव उजव्या अंगठ्याने वळेल, अशी सोय त्याने करून दिली.

पहिल्या दिवशी नाव जागची हलली नाही. पंधरा दिवसांनी ती काठांवर आपटत का होईना, पण पुढे जाऊ लागली. “या डोंग्यापरिस माह्या बकऱ्या सरळ चालत,” असे म्हणून त्या हसत. दुसऱ्या महिन्यात नाव एका दमात बारा वेळा पार झाली. मेघाने तो आकडा कॅलेंडरवर लिहिला. माझ्या आयुष्यातील अभिमानाचे दिवस तेवढेच.

मात्र अनुसयाबाईंनी एक पण केला होता. सलग वीस वेळा नाव सरळ जाईल, तेव्हाच पेन हाती धरायचे. मेघा कागद घेऊन मागे लागली, तर त्या तिला परत पाठवीत. “वाकडंतिकडं नाव मी लिहीत नाई. आधी डोंगा सरळ जाऊ दे.”

आणि त्याच सुमारास माझी पट्टी झिजली.

नाव आपोआप डावीकडे ओढली जाऊ लागली. बाराचे आठ झाले, आठाचे तीन. अंगठा सरळ होता, अगदी खुंटीसारखा स्थिर होता. मी त्याच्याखाली होतो, मला ते कळत होते. दोष माझा होता आणि मला वाचा नव्हती. अनुसयाबाईंनी आपला हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “गेला माहा हात. उगा आशा लावून बसलो आपण.” त्यानंतर त्यांनी मला स्पर्श केला नाही.

लग्न झाले. नोंदणीच्या कार्यालयात दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. अनुसयाबाईंनी शाईच्या डबीवर अंगठा टेकवला. घरी परतल्यावर त्या अंगठ्याला साबण लावून बराच वेळ घासत होत्या.

पुढल्याच आठवड्यात माझ्या निर्मात्यांनी नवा संच जाहीर केला. मला देऊन टाकावे आणि तो घ्यावा, या विचाराने रुपेशने मला सुरू करून पलंगावर ठेवले. कोणाचाही हात लागलेला नसताना पडद्यावरची नाव डावीकडे जाऊ लागली. तो मला तसाच उचलून आजीजवळ घेऊन गेला.

“आजी, तुह्या हाताचा दोष नोहता. हे खेळणंच बिघडून राह्यलं होतं.”

अनुसयाबाईंनी पेन मागितले. उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर सावकाश, एकेका अक्षरावर थांबून त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. अक्षर कापरे होते, पण ओळ सोडून गेले नव्हते. मेघा माहेरी आलेली होती. ती पत्रिका छातीशी धरून रडू लागली.

“काऊन रडतं?” त्या म्हणाल्या. “त्या कागदावर तं आता अंगठाच राहीन.”

रुपेशने मला वर्ध्याला मधुकररावांकडे नेले. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला हा माणूस माझे स्क्रू पाहून संतापला. तासभर घालवून त्याने मला उघडले, पट्टी बदलली आणि म्हणाला, “बाबू, नव्यातबी हेच बसवलं म्हणतेत. घेजो विचार करून.”

आता नाव सरळ जाते. रुपेशच्या मोबाइलवर मात्र रोज वाद ऐकतो: कंपन्यांनी हातात धरायचे नवे संच काढावेत की नाही? कोणी म्हणतो पडदा मोठा हवा, कोणी म्हणतो वजन कमी हवे. या चर्चेची मला किळस येते. ज्यांनी जाणूनबुजून झिजणारी वस्तू विकली, त्यांना आणखी एक विकण्याचा अधिकार आहे काय, हे तेथे कोणी विचारीत नाही.

म्हणून मीच उत्तर देतो. काढू नयेत. आधी जे विकले ते उघडता येईल, दुरुस्त होईल असे करा. तोवर माझ्या पाठीवर भावंड धाडू नका. तुमच्या चुकीला एक म्हातारी स्वतःच्या हाताची चूक समजली, आणि जी सही तिला करता येत होती, ती तिने केली नाही.