सतरा नंबरचा खिळा

टाचणीच्या दुकानात तिन्ही भिंतींवर माणसांचे पाय टांगलेले असायचे. दचकू नका, लाकडाचे. बूट मापाने शिवायचा तर आधी गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम लाकडाचा जोड कोरावा लागतो. त्याला फर्मा म्हणतात, आणि त्या फर्म्यावर चामडं ताणून बूट उभा राहतो. एकेका गिऱ्हाइकाचा एकेक खिळा. नवराबायको असतील तर दोघांचे जोड एकाच खिळ्यावर. पायाला गाठ आली, हाड वाढलं की फर्म्यावरही तिथेच बुचाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं वाढत वाढत एक दिवस घरचं कुणीतरी दारात येऊन सांगायचं, "गेले हो." मग तो जोड दुकानातल्या शेगडीत घालायचा, त्याच जाळावर चहा करायचा आणि आलेल्या माणसाशेजारी बसून मुकाट्याने प्यायचा. ही पणजोबांची पद्धत. घरच्या माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय मात्र फर्मा जाळायचा नाही, मग तो शंभर वर्षं लटकत का राहीना!

टाचणी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून आत्याने ठेवलेलं. वय त्रेचाळीस. लग्न झालं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटच्या वर्षी त्याला पोटची पोरही ओळखू येईना. तिलाच खुर्चीवर बसवायचा, तिचा पाय हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमचा पंजा रुंद आहे हो बाई, टोकदार बूट घालू नका." ती हो म्हणायची, आत जायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. तेव्हापासून जगात तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. जीव लावलेल्या माणसाने आपल्याकडे परक्यासारखं बघणं तिला पुन्हा सोसणार नव्हतं.

आणि नेमका तिचा जीव जडला होता सतरा नंबरवर.

सतरा नंबर म्हणजे सतराव्या खिळ्यावरचं गिऱ्हाईक. सार्वजनिक बागेत झाडं सांभाळायचा, मातीत उभा असायचा, म्हणून दर वर्षी नवा जोड लागायचा. दिसायला चाळिशीचा. बापाच्या तरुणपणीही तो चाळिशीचाच दिसायचा, आणि आजोबांच्या, आणि पणजोबांच्याही. त्याच्या फर्म्यावर बुचाचं एक ठिगळ नव्हतं. हे घरातल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कुणी अवाक्षर काढत नसे. "गिऱ्हाईक मरत नाही म्हणजे आपली शिलाई चांगली," असं आत्या म्हणायची आणि विषय संपायचा.

त्याचं माप पुन्हा घ्यायची काहीएक गरज नव्हती. तरी टाचणी दर वर्षी घ्यायची. गुडघ्यावर बसायची, फीत लावायची, तेच आकडे वहीत पुन्हा लिहायची. तेवीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी एकानेही त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी फीत पायाभोवतीच असताना तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"पाय हलवू नका," टाचणी म्हणाली. मग फीत हातातून पडली.

"पण आधी एक ऐक," तो म्हणाला. "मी मरत नाही हे तुला माहीतच आहे. पण डोकं माझं माणसाचंच आहे गं. त्यात शंभर वर्षं मावतात, जास्त नाही. नवं आलं की जुनं गळून जातं. तू गेल्यावर शंभर वर्षांनी मी तुला विसरेन. तुझं नाव, चेहरा, सगळं. फसवून हो म्हणवून घ्यायचं नाही मला."

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि उगाचच दुसऱ्या कुणाचा तरी बूट ठोकायला बसली.

घरी आत्याने डोक्यावर हात मारून घेतला. "शंभर वर्षं! अगं, मला माझ्या आजीचं नाव विचार, येतंय का बघ. ते सोड, माझा नवरा तर जिवंतपणीच मला विसरला होता. आणि तुला काय, पिढ्यान्‌पिढ्या आरती ओवाळून हवीय होय?"

टाचणीला हसू आलं, पण बापाचे ते परके डोळे पुन्हा समोर आले. दोन दिवसांनी तिने सतरा नंबरला निरोप धाडला: उत्तर द्यायच्या आधी मला घर बघायचंय.

घर बागेच्या मागच्या अंगाला होतं. खाली दोन खोल्या, वर एक, मधे लाकडी जिना. खिडकीत रोपांच्या कुंड्या, शेगडीवर किटली, सगळं कसं झाडून पुसून ठेवलेलं. दुपारचं ऊन जमिनीवर पसरलं होतं. घर तिला आवडलं, फार आवडलं. इथे आपण सुखाने राहू असं तिला वाटलं आणि तेवढ्यात वर कुणीतरी चाललं.

ठप. मग जरा थांबून, टक. ठप. टक.

"वर कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही." त्याने कप खाली ठेवला. "जुनं घर आहे. लाकूड बोलतं."

"लाकूड लंगडत नाही," टाचणी म्हणाली.

अहो, आयुष्यभर बूट शिवलेली बाई ती! वाटेने जाणाऱ्याच्या पावलांवरून टाच कुठल्या बाजूने झिजलीय ते सांगायची. तिने डोळे मिटले. बाईमाणूस. वजनाला हलकं. डावा पाय आखूड, अर्ध्या इंचाने. डाव्या बुटाला जाड तळ. भीती वाटली म्हणून हातचं काम टाकायची तिला सवयच नव्हती.

"कधीपासून ऐकू येतं?"

"दहा वर्षं झाली असतील," तो म्हणाला. "आधी नव्हतं. रोज दुपारी येतं. कोण आहे ते मला कळत नाही, टाचणी. वर जाऊन बघतो तर खोली रिकामी. पण ऐकलं ना, की इतकं भरून येतं... आणि का ते आठवतच नाही."

दहा वर्षं म्हणताच टाचणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पूर्वी सतरा नंबर दुकानात आला की आधी शिडी मागायचा. स्वतः वर चढायचा, आपल्या फर्म्यांच्या मागे हात घालून रुमालाने काहीतरी पुसायचा आणि बापाला विचारायचा, "आमच्या खिळ्यावर सगळं ठीक ना?" मागे गोणपाटाची एक गाठोडी होती. याचाच जुना जोड असेल, असं म्हणून तिने कधी सोडून बघितली नव्हती. आणि मग एका वर्षी त्याने शिडी मागितलीच नाही. पुन्हा कधीच नाही. त्यालाही दहा वर्षं झाली होती.

ती तडक दुकानात आली, शिडी लावली, गाठोडी काढली. आत बाईचा जोड होता. लहानसा, सुबक. डाव्या फर्म्याच्या तळाला बुचाचा थर, अर्ध्या इंचाचा. पणजोबांची वही फडताळातून काढून तिने सतराचं पान उघडलं. पणजोबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बागवानाची मंडळी. डावा पाय जन्मापासून आखूड. हसून बोलते. नवरा तिच्या पावलाने चालतो.'

बस. एवढंच. नाव नव्हतंच, पणजोबा नावं लिहीत नसत.

टाचणी शिडीच्या पायरीवर बसली आणि तिला सगळ्या वह्या आठवल्या. आजोबांनी सतराच्या पानावर लिहिलं होतं, 'उजवा तळ पंजापाशी फार झिजतो. पाय सारखे. कारण कळत नाही.' बापानेही तेच लिहिलं होतं. तिने स्वतः तेवीस वेळा लिहिलं होतं आणि दर वर्षी उजव्या तळाला चामड्याचा एक जादा थर मुकाट्याने लावून दिला होता. तिघांनी मिळून एकच चूक केली. बुटातली खोड काढत बसले आणि चालणाऱ्याच्या शेजारी कोण होतं ते कुणीच विचारलं नाही. तो उजव्या पायावर थांबायचा. बायकोचं आखूड पाऊल मागून येईपर्यंत, क्षणभर. ती गेली, शंभर वर्षं झाली, डोक्यातून नावासकट गळून पडली, आणि याचा उजवा पाय अजून तिच्यासाठी थांबतच होता.

"अगं बाई," टाचणी रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली, "अगं बाई गं."

आता खरं सांगायचं तर तिला मत्सर वाटला. का वाटू नये? ज्याने आपल्याला लग्नाचं विचारलं तो माणूस रोज एका मेलेल्या बाईबरोबर चालतो हे कळल्यावर कुणाला गोड वाटेल? पण मत्सराच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. बाप नाव विसरला होता, पण पंजा रुंद आहे हे विसरला नव्हता. हे तिला सहा वर्षांत पहिल्यांदा सुचलं. मग ती खूप वेळ रडली, या वेळी पदर तोंडात न कोंबता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाठोडी घेऊन ती त्याच्या घरी गेली. जोड शेगडीपुढे ठेवला, वहीतलं पान वाचून दाखवलं. त्याने तो लहानसा डावा पाय हातात घेतला, उलटापालटा केला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

"चेहरा येत नाही गं," तो म्हणाला. "काहीच येत नाही. केवढा नीच माणूस मी!"

"नीच नाहीस, भरलेला आहेस," टाचणी म्हणाली. रागात किंवा मायेत तिचं 'तुम्ही' आपोआप सुटायचं. "आता पद्धत ऐक. घरचा माणूस तूच. तू सांगितलंस तर जाळते. मग बहुतेक हा आवाज थांबेल."

त्याने तो लाकडी पाय तिच्या हातात दिला. "तिला माझ्यापायी अडकून राहायला लागत असेल तर जाळ," तो म्हणाला. "तिची सुटका होऊ दे."

टाचणीने शेगडीचं झाकण उघडलं. वर पाऊल वाजलं. ठप, टक. ठप, टक. नेहमीसारखं खोलीत फिरलं नाही, थेट जिन्याकडे आलं. एकेक पायरी उतरत आलं आणि शेवटच्या पायरीवर थांबलं. खिडकीतल्या कुंड्यांची पानं हलायची थांबली होती. टाचणीला वाटलं, गिऱ्हाईक दारात आलंय आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काम करायचं नसतं.

"बाई," ती रिकाम्या जिन्याकडे बघून म्हणाली, "जायचंय, की राहायचंय?"

किटलीतलं पाणी तेवढं कुजबुजत होतं. मग पाऊल वळलं. ठप, टक, एकेक पायरी चढत, सावकाश, आपल्याच घरात चालावं तसं वर गेलं.

टाचणीने झाकण लावलं. "राहणार म्हणतात," ती म्हणाली. "आणि माझंही उत्तर घे. हो."

"मी तुला विसरेन, तरी?"

"विसर की. एवढ्यात मरत नाही मी. आधी भांडायला तीस-चाळीस वर्षं आहेत."

लग्न झालं. आत्या जेवणावळीत भलतीच खुशीत होती, येईल त्याला सांगत होती की जावई अगदी टिकाऊ मिळालाय. टाचणीने स्वतःचा जोड स्वतः कोरला, रुंद पंजाचा. सतरावा खिळा तीन जोडांनी वाकायला लागला म्हणून तिथे जाडजूड नवा ठोकला. आणि वहीत, पणजोबांच्या ओळीखाली, लिहिलं: 'हे तीन जोड कुणीही सांगितलं तरी जाळू नयेत. दुकान राहील तोवर पुसत राहावं.'

मग एके दिवशी ती आपल्या डाव्या बुटाच्या टाचेला लोखंडाची बारीक पट्टी ठोकत बसली. एकाच टाचेला.

"एकालाच का?" त्याने विचारलं.

"वेगळी ओळखू यावी म्हणून."

"मला?"

"तुला कशाला, तू विसरणार आहेस. तुझ्या पायांना."

तो हसला नाही. तीही हसली नाही. बूट घालून ती जिना चढली, उतरली, पुन्हा चढली. ठप, खण्‌. ठप, खण्‌. रोज दुपारी हा सराव चालायचा. वरचं पाऊल पहिल्यांदा लांब राहिलं, मग जिन्याच्या तोंडाशी येऊन ऐकू लागलं, आणि एका दुपारी टाचणी उतरत असताना तिच्या मागोमाग उतरू लागलं. तिने कठडा घट्ट धरला. मागे वळून बघितलं नाही.

खाली तो कुंडीला पाणी घालत होता. झारी ठेवून तो जिन्याशी आला.

"कोण पुढे?" टाचणीने वरूनच विचारलं.

"तू."

"आणि मागे?"

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, नाव काही आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने हात पुढे केला, टाचणीने तो धरला, आणि तो तिच्याबरोबर जायला वळला. उजवा पाय त्याने जमिनीवर टेकवला आणि थांबला, मागचं आखूड पाऊल खाली येईपर्यंत. टाचणीही थांबली.