'शन'च्या आधीची टाळी

शालूबाईंनी पाण्याचा पेला नवऱ्याच्या ओठांपासून जरा लांबच धरला.

"आवं, पाणी म्हणा की. पा-णी."

उदयसिंह सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. औंधच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला अंगणवाडीतल्या पोरासारखं 'पाणी' म्हणायला लावलेलं मुळीच रुचत नव्हतं. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. ती परत यायची तर त्यांना बोलतं करत राहा, असं साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सर मात्र हट्टाला पेटले होते आणि शालूबाई मनातून पार धास्तावल्या होत्या. हा माणूस असाच मुका राहिला, तर उरलेल्या आयुष्यात भांडायचं तरी कुणाशी?

"आत्या, ऱ्हाऊ द्या आता. मामा दमल्यात," सून प्रियदर्शनी म्हणाली.

शालूबाईंनी पेला खाली ठेवला. ओसरीवर चालणाऱ्या सरांच्या शिकवण्या त्यांनी भाकरी थापता थापता वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. लांबलचक शब्द आला की सर त्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला एक टाळी, आणि उच्चारात जोर जिथे असेल तिथली टाळी सणसणीत. शालूबाईंना अर्थ कळत नसे, पण एका गोष्टीचं भारी नवल वाटे. शब्दाच्या शेवटी 'शन' आला, की सणसणीत टाळी हमखास त्याच्या अलीकडच्या तुकड्यावरच पडायची. असं का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

त्यांनी पदर खोचला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"एग्-झॅ-मि-ने-शन." पहिलीच टाळी सणसणीत.

सरांच्या कपाळाला आठी पडली.

"एग्-झॅ-मि-ने-शन." पुन्हा पहिलीच.

सरांनी मान वळवली. डावा हात उचलला आणि खाटेच्या कडेवर थाडकन आपटला.

"ने!" घशातून आवाज फुटला. "ने... शन!"

प्रियदर्शनीला रडूच कोसळलं.

"आत्या, बोललं की मामा! बरं झालं, तुमी चुकलासा!"

"मी कशाला चुकतीया?" शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "शनच्या आदी मोठी टाळी, एवढं ठावं हाय मला. का पडती, ते तेवढं ह्यांनी अजून सांगितलं न्हाई."

सरांनी डाव्या हाताचं बोट शालूबाईंवर रोखलं. मग जिवणीचा एक कोपरा हलला. डाव्या हाताने त्यांनी खाटेवर दोन ठोके दिले, त्यातला पहिला जोरात.

"मुद्... दाम," सर म्हणाले.