गुलाबी धार

त्या वर्षी माझुरीच्या तळ्यांवर थंडीने ऑक्टोबरातच हातपाय पसरले. आज रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार, असं रेडिओवरच्या बाईने सांगितलं आणि वालेंतीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची मोटरबोट धक्क्यावर ओढून लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती खरी, पण इंजिनाच्या पोटात अजून तळ्याचं पाणी होतं. पाणी गोठलं की फुगतं आणि चांगल्या ओतीव लोखंडाला तडा देतं, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तडा गेला की पुढचा अख्खा उन्हाळा धक्क्यावर माशा मारत बसायचं.

ते पाणी काढायचं काम त्याने पुढे ढकललं होतं त्याला कारण लग्न. शनिवारी यागनाचं, त्याच्या एकुलत्या लेकीचं लग्न होतं. हॉलच्या खुर्च्या वाहून वाहून त्याला अशी सर्दी झाली होती, की नाक नुसतं शोभेपुरतं उरलं होतं.

त्याच्या बायकोचा, ब्रोन्काचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. तीन वर्षांपूर्वी यागना शिकायला शहरात गेली, त्या दिवशी रडत बसायचं सोडून ब्रोन्काने रासबेऱ्या निवडल्या, त्यावर साखर आणि स्पिरिट ओतलं आणि नालेव्का मुरत घातली. पोरीच्या लग्नातला पहिला पेला या नालेव्काचाच, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. तेव्हा नवरदेवाचा पत्ताही नव्हता. गेल्या आठवड्यात तिने ती गुलाबी दारू गाळून बाटलीत भरून ठेवली आणि वालेंतीला बजावलं, की या बाटलीला हात लावलास तर हात जागेवर राहणार नाही.

बजावलं खरं, पण बाटली कोणती ते दाखवायचं राहिलं. त्यांच्या तळघरात कोबीचं आंबट पाणी, तेल, डिझेल, सगळं मिनरल वॉटरच्या मोठाल्या रिकाम्या बाटल्यांमध्ये असायचं. चिठ्ठी लावणं म्हणजे घरच्या माणसांना आंधळं म्हणण्यासारखंच. वालेंतीला इंजिन गोठू नये म्हणून त्यात घालायचं गुलाबी कूलंट हवं होतं. त्याने गुलाबी बाटली उचलली.

मदतीला झेनोन आला. झेनोन म्हणजे शेजारी, यागनाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आणि फुकटच्या पेल्याला कधीही नाही न म्हणणारा गृहस्थ. काम दरवर्षीचंच होतं. वालेंतीने आत बसून इंजिन चालू ठेवायचं, पाणी ओढणारी नळी बादलीत सोडायची आणि बादलीत कूलंट ओतत राहायचं. झेनोनने बाहेर, मागच्या धुराड्याखाली चहाचा पत्र्याचा मग घेऊन बसायचं. धुरासोबत आधी तिथून तळ्याचं पाणी बाहेर पडतं, मग गुलाबी धार लागते. ती दिसली की ओरडायचं, म्हणजे इंजिन हिवाळ्याला तयार.

दरवर्षी अर्ध्या बाटलीत आरोळी यायची. यंदा अर्धी संपली तरी झेनोन गप्प.

"गुलाबी आलं का रे?" वालेंतीने इंजिनाच्या आवाजावरून विचारलं.

"कुठलं? नुसतं पाणी. ओत, ओत."

वालेंतीने ओतलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. झेनोन म्हणाला, इंजिन म्हातारं झालंय, त्याला तहान जास्त. आवाज मोठा खुशीत होता. मग तो गुणगुणायला लागला. थंडीत माणूस गुणगुणतो, असं म्हणून वालेंतीने आणखी ओतलं.

तेवढ्यात ब्रोन्का धक्क्यावर पोचली. पायात घरातल्या सपाता, कडेवर मूल घ्यावं तशी घेतलेली गुलाबी बाटली. लग्नाच्या सुरया भरायला तिने झाकण उघडलं होतं आणि आतून रासबेरीऐवजी गॅरेजचा वास आला होता.

ती आधी बोटीच्या मागे गेली. झेनोनचे गाल आणि मगातला ऐवज एकाच रंगाचे होते.

"झेनोनभाऊजी, कधीपासून गुलाबी येतंय?"

झेनोनने मग पाठीमागे लपवला. "आत्ताच सुरू झालं, वहिनी. जराशी डिझेलची फोडणी आहे, पण माल अस्सल."

ब्रोन्का शिडी चढून आत गेली, नवऱ्याच्या हातातली बाटली तिने हिसकावली आणि इंजिन बंद केलं. वालेंतीने एका बाटलीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि त्याचं बंद नाक एकदम उघडलं. इंजिन सुखरूप होतं, इतकं स्पिरिट पोटात असल्यावर त्याला कसली थंडी बाजणार. पण ब्रोन्का बादलीवर बसून रडायला लागली आणि वालेंतीला वाटलं, याच्यापेक्षा तडा गेला असता तर बरं.

"तीन वर्षं जपली रे मी," ती म्हणाली. "पोरगी घरी नव्हती तेव्हा या नालेव्काकडे बघून दिवस काढले."

त्याने तिच्या हातातली बाटली घेऊन उजेडात धरली. तळाशी थोडी उरली होती, दोन पेल्यांपुरती. ब्रोन्का उशिरा आली असती तर तेवढीही गेली असती.

मग डोळे पुसून ब्रोन्काने इंजिन पुन्हा चालू करून स्वतः खरं कूलंट ओतलं आणि झेनोनला मगाशिवाय धुराड्याखाली उभं केलं. या वेळी आरोळी लगेच आली.

शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांना दुकानातली व्होडका होती. ब्रोन्काने फक्त दोन पेले आपल्या हाताने भरले आणि यागना आणि तिच्या नवऱ्यापुढे ठेवले. यागनाने एक घोट घेतला, आईकडे पाहिलं आणि भर लग्नात तिच्या गळ्यात पडली.

तिकडे रीत अशी, की पाहुण्यांनी 'कडू, कडू' म्हणून ओरडायचं आणि वधूवरांनी चुंबन घेऊन दारू गोड करायची. पहिली हाक धर्मपित्याची. झेनोन उठला, घसा खाकरला, ब्रोन्काची नजर चुकवली. ती नालेव्का किती गोड होती, हे त्या हॉलमध्ये वधूवरांखेरीज त्याच्या एकट्याच्याच जिभेला माहीत होतं.

"कडू," तो छातीवर हात ठेवून ओरडला, "फार कडू."